पहिल्या मानाची जोडी

पोळ्याच्या दिवशी तिसऱ्या प्रहरी शेंदूरवाडीचा डोह पांढरा पडला.

सकाळी गावच्या सगळ्या बैलजोड्या त्याच डोहात धुतल्या होत्या. तेव्हाच काही मासे वर येऊन तोंडं उघडत होते, पण बैलांनी पाणी गढूळ केलं म्हणून येत असतील, असं म्हणून लोक हसले. दिवस कलेपर्यंत ते हसणं थांबलं. मरळ, शिंगटे, वाम, हातभर लांबीचे रोहू, सगळे पोटं वर करून काठाला लागले.

एकोणीसशे बहात्तर सालचा तो पोळा. पावसानं पाठ फिरवली होती. गोदावरी वाहायची थांबली होती आणि पात्रात जागोजाग नुसते डोह उरले होते. शेंदूरवाडीच्या या डोहावर भोयांच्या सात घरांच्या चुली पेटत होत्या.

तिसऱ्या दिवशी सकाळी मत्स्य खात्याचा पीरमहंमद शेख पुणतांबा स्टेशनवर उतरला आणि भाड्याच्या सायकलवर गावात पोचला. तोवर पंचनामा झाला होता, आरोपी सापडला होता आणि गाव निवांत चहा पीत होतं. आपल्याकडे आरोपी मोठा असला तरच तपास लांबतो. आरोपी भोई असला की एका दुपारीत उरकतो.

चावडीच्या खांबाला रंगनाथ भोई दोरीनं बांधलेला होता. पायरीवर त्याची आई गोजरबाई बसली होती. तिच्यापुढं मेलेल्या माशांची पाटी होती आणि त्या वासानं पंच लांब जाऊन बसले होते. गोजरबाई हलायला तयार नव्हती.

"बसा शेखसाहेब," श्रीमंत हवालदार म्हणाला. "फार काही नाही. इथं तुमची सही लागते. चारच्या एसटीनं याला कोपरगावला कोर्टात उभा करतो."

पीरमहंमदच्या खिशात वरिष्ठांची चिठ्ठीही होती. 'भोयाने विष टाकल्याचे कळते. खात्री करून दोन ओळींचा अहवाल द्यावा.' खात्री काय करायची हे चिठ्ठीनंच ठरवून टाकलं होतं. त्यानं ती बाहेर काढलीच नाही.

"काय केलं यानं?"

"डोहात एंड्रिन ओतलं, कपाशीवर फवारतात ते विष. जाळं टाकायचा कंटाळा, दुसरं काय? मेलेले मासे गोळा करायचे आणि विकायचे."

"किती विकले?"

हवालदारानं कागद पुढं सरकवला. "विकायला सवड मिळाली नाही."

"येकबी इकला न्हाई," पायरीवरून गोजरबाई कडाडली. "उलट लोकं पाट्या भरून न्यायला लागली, तर म्या समद्यांच्या पाट्या उपड्या केल्या. खाऊ नगा म्हनलं, मराल."

"बघा, म्हणजे विष आहे हे हिला आधीच ठाऊक होतं."

"साठ वरसं मासे चिरतीय मी, हवालदार. इखानं मेलेला मासा मला कळंना व्हय? कल्लं ताठ व्हत्यात, तोंड आ वासतं. तुमाला न्हाई कळत म्हून कुनालाच कळू न्हाई का?"

"पुरावा काय?" पीरमहंमदनं मध्येच विचारलं.

हवालदारानं टेबलाखालून पत्र्याचा डबा काढला. त्यावर कवटीचं लाल चित्र होतं. "याच्या झोपडीमागं सापडला."

"त्यो तरंगायचा डबा हाय, सायेब," रंगनाथ म्हणाला. त्याचा आवाज बसला होता, पण मान ताठ होती. "जाळ्याला भोपळं बांधत हुतो. यंदा भोपळंच न्हाईत. बागायतदार काकासायबाच्या कपाशीच्या बांधाला रिकामं डबं पडल्यालं आसत्यात, त्येच आनतो."

पीरमहंमदनं डबा हातात घेऊन फिरवला. तोंड डांबरानं बंद केलेलं होतं. डांबर वाळून तडकलं होतं आणि त्यावरून शेवाळाची हिरवी रेघ गेली होती. त्यानं डबा परत टेबलावर ठेवला.

"झडती तुम्ही आपणहून घेतलीत?"

"नाही. काकासाहेबांनी सांगितलं की याच्या झोपडीमागं डबे असतात म्हणून." मग हवालदार खालच्या आवाजात म्हणाला, "शेखसाहेब, पाण्यात राहून माशाशी वैर करू नये. सही करा, चहा घ्या."

"चारला अजून सहा तास आहेत," पीरमहंमद म्हणाला आणि उठला. "आजी, तुमची विळी घेऊन चला."

*

गोजरबाईनं पहिल्याच संध्याकाळी चार रोहू मिठात घालून ठेवले होते. कुणी सांगितलं नव्हतं. "उद्या म्हनतील, मासेच न्हाई मेले," एवढंच ती म्हणाली. झोपडीपुढं विळीवर बसून तिनं एकाचं पोट फाडलं.

पीरमहंमदनं वाकून पाहिलं. कलीज तांबडं, घट्ट असायला हवं. हे पिवळट पडलं होतं आणि बोट लावताच चुरगळलं. दुसऱ्या माशाचंही तसंच, तिसऱ्याचंही.

"आजी, असं कलीज या आधी पाहिलं होतं?"

"आखाडापून बघतीय. मासा दिसायला मोठा, पन हातात घेतला की हलका. कल्ल्यावर शेंबडावानी थर. बारकी पिल्लं तर पाठीत वाकडी. दर पंधरा-वीस दिसांनी एक दिस आसा यायचा की मासं येड्यावानी गोल गोल फिरायचं. मंग पुन्ना बरं व्हायचं."

"कुणाला सांगितलंत?"

"ग्रामसभेत सांगितलं. काकासायेब म्हनले, दुष्काळात मान्सं वाकडी व्हायची येळ आली आन तुमी माशाचं काय रडता. समदं गाव हसलं."

झोपडीच्या दाराशी मातीचा मोठा रांजण होता. आत तीन मरळी संथ फिरत होत्या. काळ्याभोर, चांगल्या तेजदार.

"या कधीच्या?"

"खांदेमळणीच्या दिशी सकाळी धरल्यात. मरळ लोकं जितीच मागत्यात, म्हून रांजनात ठिवतो."

"आणि पाणी?"

"पानीबी डोहातलंच. त्याच सकाळचं."

खांदेमळणी पोळ्याच्या आदल्या दिवशी. त्या दिवशी मावळतीला बैलाच्या खांद्याला हळद-तूप चोळतात आणि उद्या जेवायला या म्हणून त्याला आवतण देतात. मालक असो नाहीतर गडी, त्या वेळेला कुणी रानात थांबत नाही. पीरमहंमद नगर शहरातला असला तरी एवढं त्याला ठाऊक होतं.

"म्हणजे त्या सकाळी पाणी बरं होतं," तो म्हणाला. "आता पोळ्याची सकाळ सांगा."

"काय सांगू? नुस्ती भांडनं. काकासायबाची जोडी पयल्या मानाची. ती पान्यात उतरल्याबिगर कुनाचा बैल पाय घालत न्हाई. यंदा ती आलीच न्हाई. बैलाचा खूर दुखावला म्हनं. मंग पयलं कुनी उतरायचं म्हून तासभर शिव्यागाळी. सांजच्याला येशीत तोरान तोडायला मातर त्यांचीच जोडी म्होरं."

पीरमहंमदनं वही मिटली. "आजी, मरळींना जपा."

"त्या जगतील. माज्या रंग्याचं काय?"

तो डोहाच्या वाटेला लागला. खोटा धीर द्यायची त्याला सवय नव्हती.

*

डोहाच्या वरच्या अंगाला काकासाहेबांचं ऑइल इंजिन होतं. पाण्यात बुडालेला एक पाईप, काठावर इंजिन, तिथून वर बांधापर्यंत नेलेला दुसरा पाईप आणि दोनशे फुटांवर संकरित कपाशीचं हिरवंगार रान. गावात माणसाला प्यायला पाणी पुरत नव्हतं, तेव्हा ते हिरवेपण डोळ्यांत खुपत होतं.

काकासाहेबांचा सालगडी सहादेव इंजिनापाशी बादलीनं पंपाच्या तोंडात पाणी ओतत होता. एक, दोन, पाच. दहाव्या बादलीला पंप भरला.

"रोज भरावा लागतो?" पीरमहंमदनं विचारलं. त्याचे वडील नगरला इंजिनमिस्त्री होते आणि त्याचं बालपण डिझेलच्या वासात गेलं होतं.

"व्हय. रातीतनं समदं पानी उतरून जातंय."

"कधीपासून?"

"जेष्ठापून आसंल. मालकाला सांगितलं हुतं, मिस्तरी बोलवा म्हून."

"फवारा कधी मारला?"

सहादेवनं बादली खाली ठेवली. "खांदेमळनीच्या दिशी."

"सगळ्या रानाला?"

"...व्हय जी."

पीरमहंमद वर कपाशीत गेला. एक पान उलटं केलं. खालची बाजू माव्यानं काळी पडली होती, जिवंत मावा, बोटांना चिकटणारा. दुसऱ्या ओळीत तेच, दहाव्या ओळीत तेच. बांधावर दोनशे लिटरचा लोखंडी ड्रम पालथा पडला होता. त्यानं तो सुलटा केला. आतून अगदी काठाला लागून दुधासारखी पांढरी रेघ वाळली होती. खाली, मध्ये, कुठंही दुसरी रेघ नव्हती. ड्रमखालची माती कोरडी ठणठणीत आणि कुठं सांडल्याचा डाग नव्हता.

बांधावर बसून त्यानं खाली डोहापर्यंत गेलेल्या पाईपकडं बघितलं. मग त्याला राग आला. इतका, की हातातलं कपाशीचं पान त्यानं चुरगळून टाकलं.

*

काकासाहेबांनी चांगला आदर केला. बाज टाकली, चहा मागवला. अंगणात मानाची जोडी उभी होती, शिंगं रंगवलेली, पाठीवर अजून गेरूचे ठसे.

"देखणी आहे," पीरमहंमद म्हणाला. "पहिला मान तुमचाच म्हणे."

"तीन पिढ्यांचा. आज्ज्याच्या काळात ह्या मानापायी डोकी फुटल्यात."

"आणि यंदा सोडलात?"

"बैलाचा खूर दुखावला हुता. मुक्या जनावराला कशाला तरास द्यायचा? हितंच विहिरीवर धुतली जोडी."

"कुठला खूर?"

"उजवा... म्होरला."

गड्यानं दावं सोडलं तसा बैल तडातडा चालत हौदाकडं गेला. पुढचा उजवा पाय त्यानं दगडावर आपटूनही पाहिला.

"बरा झाला की," पीरमहंमद म्हणाला.

"देवाची किरपा." काकासाहेबांनी बशीतला चहा संपवला. "शेखसाहेब, तुमी शिकलेली मान्सं. दुष्काळात पिकं जगवायची का मासं? त्या भोयांनी डोहावरनं उठावं, ह्यातच गावाचं भलं हाय. लिवा दोन वळी."

"लिहिणार आहे. तीन वाजता इंजिनावर या. हवालदार, पंच, सगळे असतील. आणि पोळ्याचा गुलाल उरला असेल तर थोडा द्या."

"गुलाल कशाला?"

"लागेल."

*

तीन वाजता डोहाच्या काठावर सगळं गाव जमलं. रंगनाथला दोरीसकट आणलं होतं. हवालदार सारखा घड्याळ बघत होता.

पीरमहंमदनं आधी तो डबा वर धरला. "हवालदार, हा उघडा."

हवालदारानं जोर लावला. डांबर निघेना. शेवटी चाकूनं खरवडून झाकण काढलं, तर आत कोरडा गंज.

"या डब्यातनं तीन दिवसांपूर्वी विष ओतलं, असं तुम्ही कोर्टात सांगणार आहात. डांबरावर एवढं शेवाळ धरायला दोन महिने लागतात."

लोकांत हसू फुटलं. हवालदाराचे कान लाल झाले.

"आता सहादेव, ड्रम भर. खांदेमळणीच्या दिवशी भरलास तसाच. पाईपचं तोंड होतं तसंच ठेव."

सहादेवनं मालकाकडं पाहिलं. मालक आभाळाकडं बघत होता. इंजिन धडधडलं, बांधावरचा ड्रम काठोकाठ भरला. पाईपचं तोंड ड्रमच्या तळाशी बुडालेलं होतं. पीरमहंमदनं गुलालाची पुडी आत मोकळी केली आणि काठीनं ढवळलं. पाणी लालभडक झालं.

"आता इंजिन बंद कर. आणि कुणी कशाला हात लावू नका."

इंजिन थांबलं. थोड्या वेळानं ड्रमजवळचा एक म्हातारा ओरडला, "आरं, पानी खाली चाललंय!"

ड्रम रिकामा होत होता. कुणी पालथा केला नव्हता, कुणी हात लावला नव्हता. लोक धावत काठावर आले. डोहात जिथं पाईप बुडाला होता तिथं आधी काहीच दिसेना. हवालदारानं एक विडी ओढली, दुसरी पेटवली. आणि मग त्या हिरवट पाण्यात खालून लाल ढग वर आला आणि पसरायला लागला.

"बघून घ्या," पीरमहंमद म्हणाला. "पाण्यातल्या पाईपच्या टोकाला झडप असते. पाणी वर जाऊ द्यायचं, खाली येऊ द्यायचं नाही, एवढंच तिचं काम. ही झडप ज्येष्ठापासून निकामी आहे, म्हणून सहादेवला रोज दहा बादल्या ओताव्या लागतात. इंजिन थांबलं की पाईपमधलं पाणी उलटं डोहात येतं आणि पाईपचं तोंड ज्या ड्रममध्ये बुडालंय, तो ड्रमही ओढून आणतं. दर फवारणीला थोडं थोडं एंड्रिन असंच डोहात आलं. माशांची कलीजं सडली, पिल्लं वाकडी झाली. एका रात्रीत असं होत नाही. गोजरबाईंनी हे दोन महिन्यांपूर्वी सांगितलं होतं आणि तुम्ही सगळे हसला होतात."

पीरमहंमद सहादेवकडं वळला.

"खांदेमळणीच्या संध्याकाळी औषध कालवून ड्रम काठोकाठ भरला. सहादेव, पुढं तू सांगतोस का मी सांगू?"

सहादेव मालकाकडं न बघता खाली बसला. "दिस कलला, सायेब. बैलांचं खांदं मळायचं हुतं. इंजान बंद केलं आन पळालो. पाईप ड्रममंदीच ऱ्हायला. म्हनलं फवारा पोळा झाल्याव मारू. सकाळी येऊन बघतो तं ड्रम रिकामा."

"म्हून कपाशीवर मावा तसाच," एक पंच पुटपुटला.

काकासाहेब आता पुढं आले. "झालं न्हवं? गडी इसरला. म्या काय केलं त्यात?"

"पाईप विसरणं ही चूक. ती सहादेवची," पीरमहंमद म्हणाला. "मी चुकीबद्दल बोलत नाही. पोळ्याच्या पहाटे तुम्ही रानात आलात. ड्रम रिकामा, खालची माती कोरडी. औषध कुठं गेलं हे तुम्हाला त्याच घडीला कळलं. गावाला सांगायला हवं होतं, पाण्यात उतरू नका. तुम्ही काय केलंत? आपली जोडी विहिरीवर धुतली."

"खूर दुखावला हुता!"

"सकाळी दुखावलेला खूर सांजच्याला तोरण तोडायला निघाला? काकासाहेब, तुमच्या आजोबांनी ज्या मानासाठी डोकी फोडली, तो मान तुम्ही न मागता सोडलात. या गावात पोळ्याचा पहिला मान कुणी फुकट सोडत नाही. पाण्यात काय आहे हे ज्याला ठाऊक होतं, तोच सोडेल. तुमचे बैल तेवढे वाचवलेत. बाकीच्यांचे बैल, ते धुणारी माणसं, सगळी त्या पाण्यात उतरली आणि तुम्ही घरी बसून बघितलंत. मग मासे मेले, तेव्हा हवालदाराला डब्यांची आठवण तुम्हीच करून दिलीत. डोहावरनं भोई उठला की सगळं पाणी तुमच्या कपाशीला."

"समदा ह्या येड्या गड्याचा शब्द! मी कवा बघितला ड्रम?"

"मालक," सहादेव खालूनच म्हणाला, "तुमीच म्हनला, ड्रम पालथा घाल आन तोंड बंद ठिव. फवारा झाला आसं सांग."

खाई त्याला खवखवे म्हणतात. काकासाहेबांनी पंचांकडं पाहिलं, हवालदाराकडं पाहिलं. यंदा त्यांच्या जोडीविना ज्यांनी बैल डोहात घातले होते, ते सगळे त्यांच्याकडंच बघत होते.

हवालदारानं रंगनाथची दोरी सोडली. ती हातात धरून तो क्षणभर घुटमळला, मग काकासाहेबांसमोर जाऊन उभा राहिला. "चला," तो म्हणाला. "चारची एसटी अजून गेलेली नाही."

पीरमहंमदनं वरिष्ठांची चिठ्ठी खिशातून काढली, तिच्या पाठीमागं अहवाल लिहायला घेतला आणि दोन ओळींत तो मावेना, म्हणून वहीची पानं फाडून जोडली.

"सायेब," रंगनाथ मनगटं चोळत म्हणाला, "डोह कवा बरा व्हईल?"

"लवकर नाही. हे विष चिखलात मुरतं. मोठा पूर येऊन गाळ वाहून गेला तर. एक वर्ष, दोन वर्षं. त्याआधी इथलं काही खाऊ नका."

भोयांच्या बायकांच्या तोंडचं पाणी पळालं. गोजरबाई मात्र उठून झोपडीकडं गेली. परत आली तेव्हा तिच्या डोक्यावर घागर होती, आणि घागरीत त्या तीन मरळी.

ती डोहाकडं वळली नाही. सरळ काकासाहेबांच्या घराच्या वाटेला लागली. आधी रंगनाथ तिच्या मागं गेला, मग बाकीचे भोई, मग ज्यांचे बैल त्या पाण्यात उतरले होते ते सगळे. विहिरीच्या काठावर काकासाहेबांचा थोरला मुलगा आडवा आला.

"ए म्हातारे, ही आमची विहीर हाय."

"ठावं हाय. म्हून तर आलीय." गोजरबाईनं घागर उतरवली. "सगळ्या गावात हेच पानी चांगलं हाय, हे तुज्या बापानंच सांगितलं. त्याच्या बैलांना चाललं, माज्या मरळींना का चालू नये? आता हितं फवाऱ्याचा पाईप घालून दाव. ह्यातली येक जरी पोट वर करून आली, तर त्या सायबाला म्या सवता बोलावून आनीन."

मुलगा मागं जमलेल्या गावाकडं बघून बाजूला झाला. गोजरबाईनं वाकून घागर पायरीशी टेकवली आणि तीन काळ्या मरळी एकामागून एक विहिरीत उतरल्या. त्या वर्षी त्या विहिरीत पहिल्या मानानं त्याच उतरल्या.